बाणकोट : खाडीच्या तोंडावरचे गाव आणि आपल्या माणसांची वाट



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मावर लेख येतात, बाबासाहेबांच्या चरित्रावर येतात, कार्यकारिणीचा अहवाल येतो, जमाखर्च येतो. गावांवर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून या खेपेस आम्ही बाणकोट घेतले आहे. आपल्या वस्तीत खुद्द बाणकोटची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी आपण कोणी मंडणगडकडचे, कोणी दापोलीचे, कोणी महाड-पोलादपूरचे, कोणी पलीकडच्या काठचे. मग बाणकोटच का, असे कोणी विचारील. तर आपले आजे-पणजे मुंबईला आले तेव्हा त्यांच्या गावाचे नाव कोणी विचारले नाही. उत्तर रत्नागिरीचा माणूस दिसला की मुंबई त्याला सरसकट 'बाणकोटी' म्हणे. बोलण्यावरून ओळखायचे आणि हसायचे. ज्या नावाने आपल्याला ओळखले, ते गाव उभे कसे राहिले हे एकदा बघितले पाहिजे.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. पोलादपूर, महाड, दासगाव, म्हाप्रळ असे करीत ती खाडी होते आणि समुद्राला मिळते. जिथे मिळते तिथे उत्तरेला हरिहरेश्वर आणि बागमांडला, दक्षिणेला बाणकोट. उत्तरेचा काठ आज रायगड जिल्ह्यात, दक्षिणेचा रत्नागिरी जिल्ह्यात, तालुका मंडणगड. वर टेकडी, टेकडीवर जांभ्या दगडाचा लहानसा किल्ला, खाली बंदर, बंदराला लागून वस्ती. शेजारी वेळास. हे वेळास नाना फडणवीसांचे म्हणून प्रसिद्ध आहे आणि अलीकडे कासवांच्या पिल्लांसाठी. थोडक्यात, नकाशावर बोटाच्या टोकाखाली झाकून जाईल एवढे गाव.

असल्या गावाला महत्त्व येते ते पाण्यामुळे. जुन्या काळी कोकणात रस्ता म्हणजे खाडी. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव, मचवे आत जात आणि ओहोटीबरोबर बाहेर येत. सावित्रीची खाडी पार महाडपर्यंत माल नेई आणि महाडहून पुढे घाट चढला की देश. म्हणजे घाटावरचा माल समुद्रावर उतरायचा तर या तोंडातूनच. खाडीच्या तोंडाशी जो बसला त्याच्या हातात सगळ्या खोऱ्याची चावी. बाणकोटचे मूळ ह्यात आहे, कुठल्या राजाच्या स्वप्नात नाही.

आणि ही वाट फार जुनी आहे. महाडजवळ पाले येथे, गांधारी आणि सावित्रीच्या संगमाजवळच्या डोंगरात, आपली बौद्ध लेणी आहेत. चैत्य आहे, भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत, पाण्याची टाकी आहेत. महाडपासून थोडे पुढे कोल येथेही लेणी आहेत. उत्तरेला राजपुरीच्या खाडीवर कुडे येथे सव्वीस लेण्यांचा समूह आहे. कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. लेणे कोरायला पैसा लागतो, भिक्खुसंघाला भिक्षा लागते, आणि दोन्ही गोष्टी व्यापाराच्या वाटेवर मिळतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावे दिली आहेत. त्यातले मंदगोरा म्हणजे बाणकोट असे काही अभ्यासक म्हणतात, काही मांदाड म्हणतात. त्यांचा वाद त्यांनी मिटवावा. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की ह्या खाड्यांवरून चीवरधारी भिक्खू आणि व्यापारी बरोबरीने फिरले, आणि त्यांना उतारू म्हणून घेताना नावाड्याने जात विचारली असेल असे काही त्या लेण्यांवरून दिसत नाही.

मधली शतके आम्ही भराभर ओलांडतो. आदिलशाही आली, पोर्तुगीज आले, जंजिऱ्याचा सिद्दी आला. मग कान्होजी आंग्र्यांनी किल्ला घेतला आणि त्याला हिंमतगड म्हटले. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्या मुलांत दुफळी झाली, आणि तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ च्या एप्रिल महिन्यात कमोडोर जेम्सच्या जहाजांनी आधी सुवर्णदुर्ग पाडला आणि त्याच महिन्यात बाणकोट हाती आले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, मराठ्यांचे आरमार जळाले. इंग्रज विजयदुर्ग सोडीनात. शेवटी १७५६ च्या ऑक्टोबरात तह झाला, त्यात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट व खाडीवरची काही गावे कंपनीकडे राहिली. दासगाव त्यातच. पश्चिम किनाऱ्यावर मुंबई बेटाबाहेर, मुख्य जमिनीवर कंपनीच्या मालकीची झालेली ही पहिली जागा मानतात. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो की इंग्रजांनी मराठ्यांचे राज्य १८१८ साली घेतले. बाणकोटच्या माणसाला विचाराल तर तो बासष्ट वर्षे आधीचे साल सांगेल. आणि दार आतूनच उघडले गेले, हेही सांगेल.

कंपनीने किल्ल्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. (राणी व्हिक्टोरियाचा तेव्हा जन्मही व्हायचा होता. व्हिक्टोरिया म्हणजे त्यांच्या भाषेत विजय.) बाणकोट कशाला हवे होते? मुंबई बेटावर जहाजांच्या खलाशांसाठी गुरे मिळण्याची पंचाईत होती. ती या बाजूने मिळतील असा हिशेब होता. लाकूड होते. आणि समुद्रावर नजर ठेवायला चौकी होती. कंपनी कोणाच्या उद्धारासाठी आली नव्हती, हे आपण पहिल्याने पक्के लक्षात ठेवू, कारण पुढे जे सांगायचे आहे ते ऐकून काही मंडळी लगेच म्हणतात की तुम्ही इंग्रजांचे गोडवे गाता.

१८१८ नंतर सारे कोकण इंग्रजी झाले तेव्हा दक्षिण कोकणचा कारभार आधी बाणकोटातूनच चाले. कलेक्टर, कचेरी, खजिना, शिपाई सगळे इथे. १८२२ साली कचेरी रत्नागिरीला हलली, कारण बाणकोट अगदी एका टोकाला पडे. पलटणीची छावणी दापोलीला पडली. आजही जुनी माणसे 'काप दापोली' म्हणतात, ते कॅम्प या शब्दाचेच आहे. बाणकोटला मग उरले बंदर. कचेरी गेली तरी खाडी कुठे जाते?

आता वस्तीकडे या. टेकडीवर सरकार. बंदरावर कोकणी मुसलमान दर्यावर्दी, त्यांची गलबते, त्यांचा व्यापार, त्यांच्या मशिदी. पाण्याकाठी मासळी मारणारे दालदी आणि कोळी. आत शेताडीत कुणबी, आणि त्यांच्या डोक्यावर खोत. सगळ्यांच्या बाहेर, वाऱ्याची दिशा बघून ठेवलेला, महारवाडा. खाडीच्या दोन्ही काठांवर गावोगाव ही मांडणी. खोताची ओळख नव्या पिढीला नसेल, म्हणून सांगतो. देशावर शेतकरी सरकारला सारा भरी. कोकणात मध्ये खोत बसलेला. तो गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा. भाताचा वाटा वेगळा, वेठ वेगळी. खोताच्या घरी कार्य असले की कुळाने लाकडे फोडायची, पालखीला खांदा द्यायचा. खोतही एका जातीचे नव्हते; ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते. वेठ घेताना सगळे एका जातीचे होत.

आणि महाराच्या वाट्याला ह्या सगळ्याखालचे. सांगावा नेणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे, रात्रीबेरात्री गस्त. त्याबद्दल वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचे पसाभर धान्य. वतन म्हणजे मान, असे आपल्यातलेच काही म्हातारे छाती फुगवून सांगत. बाबासाहेबांनी त्या वतनाला गुलामगिरी म्हटले तेव्हा त्यांना ते पहिल्यांदा झोंबले होते. डोंगरउताराची वरकस जमीन, त्यात राब भाजून नाचणी-वरी. पाऊस एवढा की जमीन धुऊन जाते, आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. विहीर आहे, पण ती आपली नाही.

अशा गावातून बाहेर पडायची पहिली वाट निघाली ती पलटणीची.

मुंबई सरकारच्या फौजेत महार शिपाई अठराव्या शतकापासून होते. लष्करी कागदांत त्यांना 'परवारी' म्हणत. कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, त्यात पुष्कळ. याचा अर्थ समजून घ्या. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याला अंगात गणवेश मिळाला, पायात बूट मिळाले, आणि मुख्य म्हणजे महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळाला. बलुते म्हणजे दुसऱ्याच्या ओटीतले. देईल तेव्हा घ्यायचे, देईल तेवढे घ्यायचे. पगार मोजून घ्यायचा असतो. आम्ही गिरणीत पगाराच्या दिवशी रांगेत उभे राहिलेली माणसे, आम्हाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई सर्वांना ठाऊक आहे. त्या स्तंभावर मुंबई पलटणीच्या पडलेल्या शिपायांची नावे आहेत, त्यात बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हे 'नाक' म्हणजे आपल्या जुन्या नावांचे शेपूट. आपल्या घरातल्या पाच-सहा पिढ्यांमागच्या पुरुषाचे नाव काढा, असेच निघेल. दगडावर नाव कोरले जाणे ही त्या काळी आपल्या माणसाच्या बाबतीत केवढी गोष्ट होती! किल्ला कोणी जिंकला ते पुस्तकात असते. त्याच्या भिंतीचा जांभा डोक्यावरून टेकडीवर कोणी नेला ते नसते. पलटणीच्या कागदात मात्र शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, उंची, सगळे लिहावे लागे.

पण पगारापेक्षा आणि कागदापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पलटणीतली शाळा. शिपायांच्या मुलामुलींना तिथे शिकवीत, आणि तो नियम होता, मेहरबानी नव्हती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले, म्हणजे बाणकोटच्याच तालुक्यातले. आजोबा मालोजी पलटणीत होते. म्हणजे बाबासाहेब महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले तेव्हा त्यांच्या घरात आधीच दोन पिढ्या पलटणीत गेलेल्या होत्या. आंबडव्याच्या त्या घरातून पुढे काय झाले ते सांगायला नको. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की ते आभाळातून पडले नाही.

गोपाळबाबा वलंगकर घ्या. महाडजवळच्या रावढूळचे. पलटणीत हवालदार होऊन १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापले आणि धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न घातले. अनार्य दोष परिहारक मंडळी काढली. पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा अस्पृश्य शेजारी बसणार म्हणून बाकीच्यांनी काय गोंधळ घातला असेल याची कल्पना करा. १९०० साली ते गेले. दापोलीत त्या वेळी पेन्शनवाल्यांची चांगली वस्ती होती. संध्याकाळी दिव्याखाली वर्तमानपत्र वाचणारे महार म्हातारे त्या काळी महाराष्ट्रात अन्यत्र किती गावांत दिसले असते?

आणि नेमका तेव्हाच दरवाजा बंद झाला. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती थांबवली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असे नवे शास्त्र साहेबांनी काढले होते. ज्यांच्या जिवावर किल्ले घेतले ते आता बिगरलढाऊ ठरले. वरच्या जातीच्या शिपायांना ते शेजारी नको होते, हेही त्यात आले. वलंगकरांनी अर्ज केला. सुभेदार रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेतला. काही झाले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ साली मोडली. दुसऱ्या महायुद्धात १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता. जे आपल्याला 'इंग्रजांचे हस्तक' म्हणतात त्यांनी हा हिशेब मांडून बघावा. आणि आपल्यातले जे 'सगळे इंग्रजांनी दिले' म्हणतात त्यांनीही बघावा. गरज होती तेव्हा घेतले, गरज संपली तेव्हा टाकले. मधल्या काळात आपल्या माणसांनी जे अक्षर घरी आणले ते मात्र कोणाला परत घेता आले नाही.

पलटण बंद, मग दुसरी वाट. मुंबई.

बाणकोट हे आगबोटीचे बंदर होते. मोठी बोट खाडीच्या तोंडाशी थांबे, कारण आत वाळूचा दांडा. पडाव बोटीला लागायचे, माणसे आणि बोचकी वर चढायची. खाडीतून आत दासगाव-महाडकडे लहान बोट जाई. पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा सुरू. आत मंडणगडच्या डोंगरातून माणूस डोक्यावर बोचके, हातात तांदळाच्या भाकऱ्यांचे फडके घेऊन पायी यायचा आणि बंदरावर उघड्यावर रात्र काढायचा. बोटीत डेकवर बसायचे. तिकीट सगळ्यांना सारखे, वाराही सगळ्यांना सारखा, पण पाण्याच्या पिंपाजवळ गेले की गाव परत आठवण करून द्यायचे. उतरला की भाऊचा धक्का, आणि तिथून डोंगरी, माझगाव, भायखळा, परळ, नायगाव, वरळी, जिथे गावकीची खोली असेल तिथे.

ही गावकीची खोली ही आपल्या लोकांनी केलेली केवढी मोठी सोय! एका गावाच्या पंधरा-वीस माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली. पाळीपाळीने झोपायचे; रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची. भिंतीवर पत्र्याच्या पेट्यांची चळत, प्रत्येकाची एक. जेवण खाणावळीत. महिन्याला गावकीची वर्गणी, वहीत नोंद. भांडण झाले तर गावकी बसायची, कोणी मेला तर गावकी उचलायची. बाणकोटच्या खाडीकाठच्या वाड्यांचे एक दुसरे गाव मुंबईत असे दहा बाय बाराच्या खोलीत वसले, आणि खरे सांगायचे तर गावच्या वाडीतल्या घराला कौले चढली ती ह्या खोलीतून गेलेल्या मनिऑर्डरीवर.

गिरणीतही गाव मागे आलेच. आपल्या माणसाला रिंग खात्यात घेत, विणखात्यात नाही. का? तर साच्यावर धोट्यातला दोरा तुटला की तो तोंडाने ओढून काढावा लागे. महाराचा ओठ लागलेला धोटा दुसरा कसा घेणार? पगार विणखात्यात जास्त. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याला पगारपत्रकावर उतरत होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तोवर तो कोणाच्या मागणीपत्रकात नव्हता. ज्यांनी साच्यावर काम केले आहे त्यांनी धोटा हातात धरून ही गोष्ट आपल्या नातवंडांना सांगावी. 'जात कुठे होती हो शहरात' असे आता सहज बोलले जाते.

बायकांचेही सांगितले पाहिजे. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. वडील भिकू धुत्रे बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईवडील लवकर गेले आणि रमाई लहान भावंडांसह नातेवाइकांबरोबर मुंबईला आल्या. किनाऱ्यावरच्या किती मुलींची हीच कहाणी आहे! पुरुष मुंबईला, आणि गावात म्हातारे, पोरे आणि बायका. नाचणी लावणे, राब भाजणे, लाकडे विकायला नेणे, खोताची वेठ भरणे, सगळे बाईच्या अंगावर. बाणकोटच्या खाडीकाठची शेती शंभर वर्षे बायकांनी केली आहे.

मग १९२७ साल उजाडले. बाबासाहेब १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाशी गेले आणि १९-२० मार्चला महाडला. परिषदेची मुख्य धडपड करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते, खाडीकाठच्या दासगावात वाढलेले, तरुण पोरगे, पुढे कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी. हे दासगाव म्हणजे १७५६ पासून कंपनीकडे असलेले तेच दासगाव. पेन्शनवाल्यांच्या घरांचे आणि जुन्या शाळेचे गाव. मार्चच्या भाषणात बाबासाहेबांनी लष्करभरती बंद झाल्याने कोकणातला आपला समाज कसा मागे पडला हे मुद्दाम सांगितले. त्या सभेत बसलेल्या म्हाताऱ्या पेन्शनरांना ते सांगायची गरज नव्हती, पण कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सगळे चवदार तळ्यावर गेले.

डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला बाबासाहेब २४ तारखेला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ ला दासगावात उतरले. आता हा प्रवास नकाशावर बोट ठेवून बघा. समुद्रातून सावित्रीच्या खाडीत शिरायचे म्हणजे डाव्या हाताला हरिहरेश्वर, उजव्या हाताला बाणकोटची टेकडी. ज्या तोंडातून आपली माणसे बोचकी घेऊन दीडशे वर्षे बाहेर पडली, त्याच तोंडातून ती आता पुढाऱ्यासह आत येत होती. दासगावाहून मोर्चा महाडला गेला. मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच रात्री मनुस्मृती जळाली. तळ्याच्या पाण्याचा खटला हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने संपला, म्हणजे ओंजळभर पाण्याला दहा वर्षे.

त्याच १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कुणबी आणि महार एका रांगेत होते. हे आपल्या वस्तीतल्या कुणबी शेजाऱ्यांनाही सांगायला हरकत नाही. खोती कायद्याने गेली १९४९ साली. महार वतन गेले १९५८ च्या कायद्याने. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ आला आणि खाडीच्या दोन्ही काठांवरचे महारवाडे बौद्धवाड्या झाले.

पण जमीन? खोती गेली तेव्हा जमीन कुळाच्या नावावर झाली. ज्याचे नाव कुळ म्हणून कागदावर होते त्याच्या. आपला माणूस मुंबईत पाळीवर, गावात बाई कसते आहे, आणि सातबाऱ्यावर तिसरेच नाव. वतनाची जमीन सरकारात रक्कम भरून परत मिळवायची होती. मुदतीत रक्कम भरायला मुंबईहून रजा कोण देतो? आमच्या माहितीत अशी घरे आहेत की घरटण आपले, आंबा आपल्या आजाने लावलेला, आणि उतारा काढला तर निराळेच नाव. अशी प्रकरणे अंगावर घेणाऱ्यांना तलाठ्याच्या ओट्यावर किती चपला झिजवाव्या लागतात ते ज्याचे त्याला माहीत.

बाणकोट बंदराचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. रस्ते झाले, एस.टी. आली, बोटी बंद झाल्या. कोकण रेल्वे आली ती वीर, खेडवरून गेली. मंडणगड आणि दापोली तालुक्यांना तिने स्पर्श केला नाही. कधीकाळी सगळ्या दक्षिण कोकणचे दार असलेले गाव जिल्ह्याचे कोपऱ्यातले टोक झाले. मुसलमान घरांतली माणसे आखाती देशांत गेली, आपली मुंबईत होती ती १९८२ च्या संपानंतर नालासोपारा, दिवा, कल्याणकडे पांगली. गावकीच्या खोल्या विकल्या गेल्या, काहींचे टॉवर झाले. वेळास-वेश्वीच्या बाजूला अलीकडे पर्यटक येतात. खाडीवर फेरीबोट चालते, तिच्यात मोटारी चढतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे बागमांडल्याला उतरतात. किल्ल्यावर हौशी मंडळी फोटो काढतात.

बौद्धवाडीत मे महिन्यात आणि एप्रिलच्या जयंतीला घरे उघडतात, एरवी कुलपे. तरी प्रत्येक वाडीत बुद्धविहार आहे, आणि तो मुंबई मंडळाच्या वर्गणीतून बांधलेला आहे. एकेका खिडकीला कोणाची देणगी ते रंगाने लिहिलेले आहे. पाल्याच्या आणि कुड्याच्या लेण्यांत माळ्याने, वैद्याने, लोखंडवाल्याने आपले दान कोरून ठेवले, तसेच हे. फरशी अमक्याने, पंखा तमक्याने, मूर्ती अमक्या गिरणी कामगाराने निवृत्तीच्या पैशातून.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर जुन्या पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यात पणजोबांचा पलटणीचा कागद, पेन्शनची वही, बिल्ला, बोटीचे तिकीट, गावकीच्या वर्गणीची वही, वतनाचा उतारा असे काही निघाले तर ते रद्दीत घालू नका. रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन या. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. मोडी असेल तरी आणा. मोडी वाचणारे एक गृहस्थ मिळाले आहेत, ते महिन्यातून एकदा यायला तयार आहेत. नावाच्या शेवटी 'नाक' असलेला कागद सापडला तर आधी आम्हाला हाक मारा.